जेवायला बोलावलेला बैल

आमच्या गावात सार्वजनिक असं फक्त भांडण असतं, बाकी सगळं ज्याचं त्याचं. पोळ्याला तेवढं अख्खं गाव तोरणाखाली जमतं आणि कोणाची जोडी पुढे उभी राहणार यावरून भांडतं.

पुढची जागा नेहमी बाबांची. या उन्हाळ्यात मीच मागे लागून त्यांची जोडी खालच्या पुऱ्यातल्या एका शेतकऱ्याला विकायला लावली आणि ट्रॅक्टर आणवला. यवतमाळात नोकरी करणाऱ्या लेकीला शेतीतलं फार कळतं, असा माझा समज होता. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. पोळ्याला मी गेले ती हा अबोला मोडायला.

आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. अर्थात आपापल्या बैलांना! बाबा वाटी घेऊन तरातरा खालच्या पुऱ्यात निघाले. लाजत लाजत मी मागे.

"काकाजी, आता हे माहे बैल आहेत ना," नवा मालक म्हणाला.

"मंग? आवतन द्यायले का सातबारा लागते?"

बाबांनी पांढऱ्याच्या कानात जेवायला ये म्हणून सांगितलं. काळ्याला सांगायला गेले तर त्यानं शेपटीचा फटका दिला. तो आधीपासूनच व्यवहारी.

दुसऱ्या दिवशी बैलांच्या मागे फुगे लावलेले ट्रॅक्टर उभे होते. आमच्या ट्रॅक्टरला मी बाशिंग बांधलं. असा बेढब नवरदेव मी जन्मात पाहिला नाही. बाबांनी लांबूनच त्याच्यावर चिमूटभर कुंकू फेकलं.

पोळा फुटला आणि पांढरा कासरा हिसकून थेट आमच्या दारात आला. आईनं पुरणपोळी पुढे केली. मग दुसरी, तिसरी. बाबा चक्क हसत होते. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात नवा मालक धापा टाकत आला. त्यानं कासरा ओढला, पण बैल हलेना. उलट गोठ्यात शिरू लागला. तिथे आता डिझेलचे डबे.

"राहू द्या काकाजी. सकाळी नेतो."

"आज राह्यला तं उद्या जाईन का तो?"

पोळ्याला बैलावर काठी उगारत नाहीत. बाबांनी उगारली आणि मारलीही. बैल दचकला, वळला आणि मालकाच्या मागे मुकाट निघून गेला.

बाबा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले.

"लहानाचा मोठा केला त्याले. कधी मारलं नव्हतं, माय."