दोन माईकचं साउंड कार्ड

साधी छत्री घ्यायची असली तरी मी आधी चार दुकानं हिंडतो आणि दहा जणांची मतं घेतो. बायको म्हणते, आमचं ठरलं तेव्हा इंटरनेटवर परीक्षणं वाचायची आजच्यासारखी सोय नव्हती, म्हणून तिचं लग्न तरी झालं. अशा माणसावर साउंड कार्ड निवडायची वेळ आली, आणि तीही घाईची.

घाईचं कारण सासूबाईंचा गळा. थायरॉईडची गाठ निघाली होती आणि महिन्याभराने ऑपरेशन ठरलं होतं. काळजीचं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. फक्त आवाज थोडा बदलू शकतो, वरचे स्वर कदाचित लागणार नाहीत, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. बोलता आलं म्हणजे झालं, असं म्हणून सासूबाई तिथून भाजी घ्यायला गेल्या. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्या म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. पूर्वज इथल्या राजांच्या फौजेत होते. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असते आणि ती कुठे सुरू झाली ते त्यांनाही कळत नाही. मी नाशिकहून नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि इथल्या विजयनगर भागात स्थायिक झालो. आमच्या लग्नात जेवणाची पंगत बसली तेव्हा सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण समोर उभ्या राहून गाऊ लागल्या. व्याह्यांची टर उडवायची ती गाणी. माझे काका-मामा अर्धं न कळूनही मान डोलावत होते आणि सगळा मांडव हसून लोळत होता. परक्या गावात मला घरचं वाटलं ते त्या दिवशी. तो आवाज असा सहज निघून जाईल, हे मला सहन होत नव्हतं.

म्हणून मी रेकॉर्डिंग करायचं ठरवलं, आणि फोनवर नाही, नीट. साउंड कार्ड म्हणजे माईकमधला आवाज स्वच्छपणे कॉम्प्युटरमध्ये उतरवणारा हाताएवढा डबा, पण त्याच्यावर लोक जगभर भांडतात. दहा दिवस मी तुलनेचे तक्ते केले. कुठल्या कार्डात खरखर कमी, कुठलं माईकला पुरेशी वीज देतं, कशात आवाज किंचित उशिरा ऐकू येतो, सगळं मला पाठ झालं. बायकोने शेवटी कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेवर बोट ठेवलं. तेव्हा कुठे मी दुकानात गेलो.

दुकानदाराने कन्नडमध्ये पहिलाच प्रश्न विचारला तो, गाणारे किती जण? मी ऐटीत सांगितलं, एकच. त्याने एका माईकचं कार्ड काढून दिलं. माझ्या तक्त्यात ते पहिल्या नंबरावर होतं, त्यामुळे मी घरी आलो तो शीळ घालतच.

सासूबाईंना खुर्चीत बसवलं, समोर माईक लावला. त्यांनी वधूपक्षाची पहिली ओळ म्हटली. पातेलंभर पायस संपवलं आणि मग विचारतात जेवण कुठाय, अशी काहीशी ती ओळ. आवाज असा लख्ख उतरला की मला उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. मग त्या गप्प बसल्या. मी वाट पाहिली, त्याही वाट पाहत होत्या.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं ती म्हणणार. ते मुलग्याच्या बाजूचं, अल्वा? हो ना?"

ती म्हणजे बहीण. मग उलगडा झाला. या घरात मुलींना लहानपणीच बाजू वाटून देतात आणि ती बाजू जन्मभर बदलत नाही. सासूबाई मुलीकडच्या, मावशी मुलग्याकडच्या. साठ वर्षं ऐकून एकमेकींच्या ओळी दोघींना पाठ होत्या, पण दुसरीची ओळ तोंडातून काढायची नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, दोन्ही बाजू तुम्हीच म्हणा की, फक्त रेकॉर्डिंगपुरतं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी त्यांना जेवणाच्या ताटात पाय ठेवायला सांगितलं होतं. आपल्याच माणसांना आपणच कसं नाव ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढे तक्ते केले, पण या गाण्याला माणसं किती लागतात हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. स्वतःच्या अकलेची अशी कीव मला क्वचितच आली असेल.

एका माईकसमोर दोघींना बसवायचं म्हटलं तर मावशींचा आवाज असा खणखणीत की सासूबाई त्यात बुडूनच गेल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन परत दुकानात. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. दोन माईकचं कार्ड घेतलं. त्यात प्रत्येकीचा आवाज आपापल्या वेगळ्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदला जाणार होता. या वेळी मी एकही परीक्षण वाचलं नाही.

शनिवारी सकाळी जयलक्ष्मीपुरमहून मावशी रिक्षाने आल्या त्या रेशमी साडी नेसून, मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळून. सासूबाईही नटून बसलेल्या. लग्नाचं गाणं घरच्या साडीत म्हणतात का? मी खिडकीला गाद्या लावल्या, पंखा बंद केला, कुकर उतरवून ठेवला. बांगड्या वाजतील, तेवढ्या काढता का, असं मी चाचरत विचारलं. दोघींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. माईककडे तोंड करायलाही त्या तयार नव्हत्या. समोरचीचं तोंड दिसल्याशिवाय चिडवायचं कसं? शेवटी माईकच मी त्यांच्या मधोमध, पाठीला पाठ लावून ठेवले.

आणि मग जे सुरू झालं! पायस इतकं पातळ की त्यात तोंड दिसत होतं, आम्ही पाणी समजून प्यायलो, असं मावशींनी उत्तर दिलं. सासूबाईंनी नवरदेवाच्या मिशीवर हल्ला केला. एक ओळ संपायच्या आत दुसरी तुटून पडत होती. मध्येच मावशींना हसू फुटलं, सासूबाईंनी "सुम्ने रहा गं, गप्प" म्हणून दटावलं आणि स्वतःच हसत सुटल्या. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी कानाला हेडफोन लावून वेड्यासारखा आनंदात होतो. बांगड्या, हसणं, सगळं नोंदलं गेलं. एकही गोष्ट मी नंतर पुसली नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र बदलला. जाड झाला, आणि वर चढायला गेला की मध्येच तुटायचा. देवापुढची आरतीसुद्धा सासूबाई आता नुसती ओठांनी म्हणत. रेकॉर्डिंग ऐकवावं की नाही, हे मला ठरवता येईना. ऐकून त्यांना रडू आलं तर? दोन महिने मी ती फाईल उघडलीच नाही.

एका दुपारी त्यांनीच रेकॉर्डिंगचं विचारलं. मी लावलं. खोलीत तो जुना, लख्ख आवाज आला. त्या मान कलती करून ऐकत राहिल्या. मिशीच्या ओळीला हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, यातला फक्त माझा आवाज काढून टाकता येतो का? येतो, असं मी सांगितलं. दोघी वेगवेगळ्या पट्ट्यांवर होत्या.

"मग काढा. तिचा तेवढा ठेवा."

"अहो आई, तोच तर जपून ठेवलाय."

"असू दे की तो. पण आता मी आहे ना इथं."

मी त्यांची पट्टी बंद केली आणि सुरुवातीपासून लावलं. पहिली ओळ वधूपक्षाची, म्हणजे त्यांचीच. स्पीकरमधून नुसती मावशींच्या बांगड्यांची किणकिण येत होती. सासूबाईंनी घसा खाकरला आणि त्या जाड, नव्या आवाजात पायसाची ओळ म्हटली. वरचा स्वर आला तिथे त्यांनी तो लावायचा प्रयत्नच केला नाही, ते शब्द सरळ बोलून टाकले, आणि ती ओळ पूर्वीपेक्षा जास्त झोंबली. पलीकडून मावशींनी उत्तर दिलं, आणि सासूबाई पदर खोचून पुढच्या ओळीला उठून उभ्या राहिल्या.