भिंती नसलेल्या घराचा उंबरा

हदगावहून पहाटेची एसटी सुटली तेव्हा कापसाच्या रानांवर धुकं होतं आणि शेजारी बाबा बसले होते. मी नांदेडच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, इतिहास घेऊन. बाबांना तो विषय मुळीच पटलेला नव्हता. मी लातूरच्या क्लासला नाव घालून पुन्हा एकदा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसावं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आमच्यात तह झाला. आधी माझ्या अभ्यासासाठी किल्लारीच्या बाजूचं, भूकंपात पडलेलं एक जुनं गाव बघायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचा क्लास. तिथं नाव घातलं की इतिहास सुटला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नांदेडला गाडी बदलली. पुलावरून गोदावरी दिसली, दुधावर साय धरावी तसं पाण्यावर धुकं धरलेलं. लोहा, अहमदपूर, सगळ्या पाट्या मी अर्धवट झोपेत वाचल्या. मध्येच डोळे उघडले की सोयाबीन निघालेली काळी रानं दिसायची आणि आपण कुठल्या काळातून चाललोय तेच क्षणभर कळायचं नाही. बाबांच्या मते ही माझी बाराही महिन्यांची अवस्था.

लातूरच्या स्टँडबाहेर सुशीलाची (फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) न्याहारी केली. गाडेवाल्याने माझ्याकडे बघत विचारलं, "नीटची तयारी का?" या शहरात माझ्या वयाच्या मुलीला दुसरं काही विचारतच नाहीत.

"हाव, क्लास बघून राहिलो," बाबा म्हणाले. मी अर्धी प्लेट तशीच खाली ठेवली.

औशाहून पुढे जीप मिळाली. नवं गाव आखीव रस्त्यांचं. जुनं तिथून पुढे, पायवाटेने. बाभळी, कमरेएवढं गवत आणि दगडांचे ढीग. होले (कवडे) घुमत होते. ऊन इतकं पिवळं आणि संथ होतं की मोठ्याने बोलावंसं वाटेना.

"हेच का?" बाबांनी विचारलं. "इथं तं काहीच न्हाई की माय."

खरं तर माझाही हिरमोड झाला होता. मी एका लांबट, गुळगुळीत दगडावर बसकण मारली.

"उठ गं माय. उंबऱ्यावर बसत असतेत का?"

मागे हातात खुरपं घेतलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. शेजारच्या शेतातून आली असावी. मी दचकून उठले. आजूबाजूला ना भिंत, ना दार.

"माझं घर हाय हे. या की आत," ती म्हणाली.

बाबांनी दगडाच्या अलीकडे चपला काढल्या. काट्याकुट्यांच्या त्या जागेत ते अनवाणी आत गेले. त्या मावशींनी ते पाहिलं आणि डोईवरचा पदर सारखा केला. मग त्या गवतातून घर दाखवू लागल्या.

"ही ढाळज (दाराजवळची बैठक). हितं चूल. वर समदं माळवद (मातीचं जड, सपाट छप्पर)."

"ज्वारी कुठं ठेवायचे?" बाबांनी विचारलं. मग पाणी कुठून यायचं, बैलं कुठं बांधायची. जे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती, ते सगळं बाबा विचारत होते. "अन् त्या कोपऱ्यात काय होतं?"

मावशी थांबल्या. "तिकडं नगा जाऊ, दादा. तिथं लेकरू निजलंय."

भूकंपाला तीस वर्षं उलटून गेलीत. तरी त्या एवढ्या हळू बोलल्या, जणू कुणी जागं होईल. बाबा दोन पावलं मागे सरले.

"दिवाळीला पयला दिवा मी हितंच लावते," निघताना त्या म्हणाल्या. "माझी पोरं भूकंपानंतरची. त्यांला हितं निसते दगुड दिसतेत."

परतीच्या जीपमध्ये बाबांच्या तळव्यातला बाभळीचा काटा मी पिनेने काढला. माझी डॉक्टरकी तेवढीच. रात्री लातूरच्या लॉजवर मला नीट झोप लागली नाही.

सकाळी रिक्षावाल्याने विचारलं, "कंच्या क्लासला सोडू?"

"स्टँडला," बाबा म्हणाले. "नांदेडची गाडी धरायची हाय."

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

हदगावला आई दारातच वाट बघत होती. "घातलं का नाव?"

"न्हाई. ती इतिहासच करून राहिली," बाबा चपला काढत म्हणाले. पण आत गेले नाहीत. अंगण झाडावं, पाणी शिंपडावं, ओलांडून आत जावं, एवढीच त्या उंबऱ्याची मला ओळख. बाबा त्याच्याकडे पहिल्यांदा बघितल्यासारखे बघत होते.

"हा तुह्या आज्यानं बसवला," ते मला म्हणाले. "दगड कुठून आणला, कोणाकून घडवला, मी कधी इचारलंच न्हाई. अन् आता इचारावं तं ते न्हाईत."