फिलिपची बातमी

गोराईच्या फिलिप घोन्साल्विसला १९५५ साली एका परदेशी रेडिओने बातमीदार म्हणून घेतलं, ते त्याच्या मराठी-कोकणीसाठी. त्याआधी तो फोर्टातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. ऑगस्टमध्ये गोव्याचे सत्याग्रही निघाले आणि रेडिओच्या मुंबईतल्या साहेबांनी त्याला सावंतवाडीपलीकडे हद्दीवर पाठवलं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, म्हणजे परदेशच, म्हणून फिलिप एसटीने जाऊन परराष्ट्र बातमीदार झाला.

हद्दीवर त्याने झेंडे घेऊन चाललेली निःशस्त्र माणसं पाहिली. मग पोर्तुगीज शिपायांच्या बंदुका वाजल्या आणि पुढच्या रांगेतली माणसं खाली कोसळली, तशीच राहिली. जखमींना पाणी देणाऱ्या एका म्हातारीला त्याने विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

ती हद्दीपलीकडे बोट दाखवत म्हणाली, "शेत थंय, घर हंय. आमका कोण इचारता?"

मुंबईला येऊन त्याने टेलिफोनवरून सगळं रेडिओसाठी आपल्या आवाजात वाचलं. आधी गोळीबार, मग म्हातारी.

संध्याकाळी बोरिवलीला मित्राकडे, विद्याधरकडे, तो रेडिओ ऐकायला गेला. गोळीबार आलाच नाही. नुसती म्हातारी आली, आणि लगेच निवेदकाने सांगितलं, की हद्दीवरच्या लोकांना या चळवळीचं फारसं काही नाही.

विद्याधरने रेडिओ बंद केला. "तू हे बोललास?"

"बोललो. पण असं नव्हे रे."

"आवाज तुझाच ना? माझा मामेभाऊ सत्याग्रहींच्या त्या तुकडीत होता, फिलिप."

दुसऱ्या दिवशी फिलिप साहेबांकडे गेला. साहेब शांतपणे म्हणाले, "वेळ कमी होता. आम्ही वापरलेला एक तरी शब्द खोटा होता का?"

नव्हता. तिथेच तो अडकला.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर गावातल्या, पोर्तुगीज राज्यच बरं म्हणणाऱ्या रोझारिओने त्याचा हात घट्ट धरला. "शाबास! आपल्या लोकांची बाजू मांडलीस."

"कुठले आपले लोक?" फिलिपने विचारलं. रोझारिओला वाटलं, थट्टा करतोय. तो हसत निघून गेला. विद्याधरच्या रागापेक्षा ही शाबासकी फिलिपला जास्त लागली.

पुढच्या वर्षी साहेबांनी कैरोची नेमणूक देऊ केली. बायको, आयडा, मासळी साफ करता करता म्हणाली, "इथलं तुला धड सांगता आलं नाही, तिथलं काय सांगणार?"

"तिथं ऐकणारे मला ओळखत नसतील."

"म्हणजे बरं की वाईट?"

"ठाऊक नाही गं."

तो गेला. सुएझवर बाँब पडले तेव्हा त्याचा आवाज गोराईतही पोचला. गाव अभिमानाने ऐकायचं. आयडा मात्र शेजारी बसून विचारायची, "हे सगळं आहे, की अर्धंच?" कुणालाच सांगता यायचं नाही.

एकोणसाठ साली फिलिप नोकरी सोडून परतला आणि बोरिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागला. का सोडली, असं विद्याधरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, तब्येत. रोझारिओला सांगितलं, घरची ओढ. आयडाला त्याने दोन-तीन वेळा वेगवेगळी कारणं दिली. ती म्हणते, सगळीच खरी वाटली.