आत्याबाईंचं कुलपातलं ताक

माझ्या सासूचं, आत्याबाईंचं, पोट दुखायचं आणि त्याचा आळ माझ्यावर होता. आणीबाणी उठली त्या सुमाराला मी लग्न होऊन सानगडीला आले. पहिल्याच उन्हाळ्यात आत्याबाईंचं पोट बिघडलं. चार दिवसांत बरं व्हायचं ते, पण कोणीतरी कान फुंकले, "सून आल्यापासूनच दुखते का वो?" झालं! माझ्या हातचं खाणंच त्यांनी सोडलं.

ताकावर राहायच्या. दही स्वतः घुसळायच्या, ताक आपल्या पितळेच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, ओतायच्या आणि गंज कपाटात कुलूप लावून ठेवायच्या. किल्ली कमरेला. दिवाळीआधी कलईवाला दारात बसला, घरची सगळी भांडी आतून लख्ख झाली, पण तो गंज काही बाहेर आला नाही. "कोनी काही चोपडून देल त्याले," म्हणाल्या, आणि 'कोनी' म्हणताना माझ्याकडे बघितलं. अस्सा जीव जळला माझा! ताक कडू लागलं तरी माझीच नजर लागलेली.

जितकी राखण वाढली, तितकं दुखणं वाढलं. ओकाऱ्या, मळमळ, पोटात पीळ. दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, अंगारे झाले. मग मलाच शंका यायला लागली, मला घालवायला ही बाई ढोंग तर करत नाही ना?

शेवटी बपेऱ्याहून माझ्या बाबांना बोलावणं गेलं. ओसरीवर सगळ्यांदेखत आत्याबाई म्हणाल्या, "तुमची पोर मले जहर देऊन राहिली. घेऊन जा तिले." बाबांची मान खाली गेली. ती मान पाहून माझं डोकंच फिरलं.

"जाते ना! पण आधी ते ताक आणा. मी पिऊन दाखवते."

कुलूप उघडलं. मी गिलासभर ताक एका दमात प्यायले. तोंड कडूजहर झालं आणि थोड्याच वेळात अंगणात भडाभडा ओकले.

"पाहा! जहरच हाय!" आत्याबाई ओरडल्या.

बाबांनी हळूच विचारलं, "किल्ली कोनाजवळ रायते, विहीणबाई?"

आत्याबाईंचा हात कमरेला गेला. सासऱ्यांनी गंज उजेडात नेऊन पालथा केला. आत कलईचा पत्ता नव्हता, काठाला हिरवा थर. "अवो, ताक कळकलं हाय हे! पोरगी नाही, हा गंज तुले खाऊन राहिला!" कलई उडालेल्या पितळेत आंबट कळकतं, विषारी होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आत्याबाईंची सगळी नजर माझ्यावर, भांड्यात कुठून जाणार?

बाबा एकटेच परतले. गंजाला कलई झाली, तेव्हा आत्याबाई कलईवाल्यासमोर पापणी न हलवता बसून होत्या. हळूहळू दुखणं गेलं. चुकलं म्हणून मात्र एक शब्द नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी मी धानाच्या रोवण्याहून घरी आले. आत्याबाईंनी त्याच गंजातलं ताक गिलासात ओतून माझ्यापुढे ठेवलं. मी हात लावला नाही. मी काही विसरणारी नाही. त्यांनी गिलास उचलला, माझ्यादेखत एक घोट घेतला आणि परत पुढे सरकवला.

"घे वो. म्या पेलं आधी."

ते उष्टं ताक मी घटाघट प्यायले आणि चुलीपुढे बसून ढसाढसा रडले.