कांद्याचे सोळा दोरे

माझ्या धाकट्या मामांइतकं खरं आणि इतकं निरुपयोगी ज्ञान घेऊन जगलेला माणूस साऱ्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. मुंबईच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या वर्गांना मदतनीस होते. छातीच्या दुखण्यापायी नोकरी सुटली, तेव्हा एक पितळी सूक्ष्मदर्शक घेऊन ते मांडवीला आमच्या घरी, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायला आले आणि माडीवर कांदे वाढवू लागले. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, मुळं फुटली की टोकं खुडायची, तांबड्या रंगात बुडवून दिव्यावर शेकायची आणि काचेवर अंगठ्याने चिरडून तासन् तास बघत बसायचं. माडीला सदा आंबूस वास येई. मामांचा अंगठा असा तांबडा असे, की नवखा माणूस त्यांना निरक्षर समजून कनवाळूपणे बोलायला लागे. चातुर्मासात आमच्या घरात कांदा येत नसे. आईने पेले उचलायला सांगितले, तर मामा शांतपणे म्हणाले, "अक्का, मी खात नाही. मोजतो."

मोजत ते पेशीतले दोरे. आज त्यांना गुणसूत्रं म्हणतात. मामांना दोरे हा शब्द पुरे. कांद्याच्या मुळाच्या पेशीत सोळा, आणि त्याच्याच फुलातल्या परागात बरोबर निम्मे, आठ. आठ बापाकडून, आठ आईकडून, म्हणजे बीजात पुन्हा सोळा. निम्म्याला एकगुणित आणि पुऱ्याला द्विगुणित अशी भारदस्त नावं मराठी पुस्तकांत आली, ती फार पुढे. मामा हे भेटेल त्याला सांगत. न्हाव्याला सांगत आणि अर्धी दाढी तशीच राही. खाडीच्या तरीवर नाव सुटायची वेळ झाली तरी नावाड्याला सोडत नसत. माणसात किती, असं कुणी विचारलं की मात्र अडखळत. "अठ्ठेचाळीस म्हणतात. मी मोजलेले नाहीत." पुढे ते शेहेचाळीस ठरले. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची नाही, या खोडीमुळे त्यांचं जगात कुणाशीच फारसं जमलं नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम पूर्णगडला दिलेली होती. तिचे सासरे नारळ-सुपारीचे व्यापारी, वजनदार गृहस्थ. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि तिला मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि टाळूही उघडी होती. सासरहून बघायला कुणी आलं नाही, निरोप आला. ग्रहणात विळीवर बसली असेल, नाहीतर तुमच्या रक्तातच काही असेल; आमच्या घराण्यात असलं मूल झालेलं नाही, ते घेऊन येऊ नये. कुसुमला रडायलाही सवड नव्हती. पोराला अंगावर ओढता येत नसे, आणि बोंडल्याने घातलेलं दूध नाकावाटे बाहेर येई. शेवटी मामांनी आपल्या एका काचेच्या नळीला रबर बसवलं आणि त्याला मांडीवर उभं धरून ते घशात थेंब थेंब दूध सोडू लागले. फार वेळ लागे. तेवढ्या वेळात ते त्याला कांद्याविषयी सांगत. मामांना उभ्या आयुष्यात मिळालेला, मध्येच उठून न जाणारा तो एकमेव श्रोता.

एके सकाळी मामांनी सूक्ष्मदर्शक पेटीत भरला आणि मला म्हणाले, "चल पूर्णगडला." भाट्याची खाडी ओलांडून पुढे बैलगाडीने आम्ही निघालो. पेटी माझ्या मांडीवर आणि मुळं फुटलेल्या कांद्यांचा पेला मामांच्या हातात. व्याह्यांनी आदराने बसवलं, शहाळी दिली. मामांनी पडवीतच दिवा पेटवला, काच तयार केली आणि सगळं समजावून सांगितलं. व्याह्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. मग सरळ होऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे खोट आमच्याकडून आली म्हणता?"

इथे होय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मामा म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. दोन्हीकडून असेल, कुणाकडूनच नसेल. मूल अर्धं तुमचं आहे, एवढंच नक्की."

"असेल हो," व्याही म्हणाले. "मग आमचा अर्धा वाटा आम्ही सोडला, असं धरा." आणि ते आंघोळीला निघून गेले.

इतका वेळ खांबाशी उभे असलेले कुसुमचे यजमान तेव्हा पुढे झाले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "यातले माझे कुठले?"

"हा कांदा आहे, जावईबापू," मामा म्हणाले.

परतताना गाडीत मामा एवढंच पुटपुटले, की जावयाला दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं.

पौषात पोराच्या श्वासात दूध गेलं. ताप चढला, छाती भरली आणि तो गेला. किनाऱ्यावर उंडिणीच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरलं. महिनाभरातच पूर्णगडहून निरोप आला, आता कुसुमला पाठवावी. आईने ट्रंक काढली. कुसुमने ती बंद केली आणि म्हणाली, "मी जाणार नाही." पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्यानंतर जावई एकटेच आले. घरात त्यांच्याशी कुणी बोलेना, तेव्हा मामा त्यांना झाडापाशी घेऊन गेले. मीही मागून गेलो. जावयांनी विचारलं, "कसा होता?"

मामांनी नेहमीसारखा विचार करायला वेळ घेतला. "कपाळ तुमचं होतं. भुवयाही तुमच्या. कान कुसुमचे. हसायचा तेव्हा..." ते थांबले.

"हसायचा?"

"हो. दूध पोटात गेलं की हसायचा."

जावई वाळूत बसले. मामाही त्यांच्या शेजारी बसले आणि ओहोटी लागेपर्यंत उठले नाहीत.

पुढे दर पौषात जावई यायचे. वडिलांना ते काय सांगून निघत, कोण जाणे. झाडाखाली बसायचे, मग आमच्या पडवीत चहा घ्यायचे. कुसुम कपबशी खाली ठेवून आत जाई. मामांना छातीने नेलं, त्या वर्षी मला वाटलं, आता हे यायचे नाहीत. पण ते आले. कुसुमने चहा दिला, आत गेली आणि चपला घालून बाहेर आली. दोघं किनाऱ्याकडे गेली. मी पडवीत बसून राहिलो. माडीवरचा आंबूस वास अजून गेला नव्हता.