पावणेचारशेवर चालणारा डबा

सुरतेत पांडेसऱ्यातल्या साडीच्या मिलमध्ये मी कम्प्युटरवर छपाईसाठी डिझाइनचे रंग वेगळे करायचो. हा कम्प्युटर इतका संथ होता की एका साडीचे आठ रंग सुटे होईपर्यंत त्या साडीची फॅशन जायची. माझी मिशी या नोकरीत फुटली, आणि त्यातली निम्मी पहिल्याच डिझाइनवर.

दिवाळीचा माल तोंडावर आला तसे शेठ येऊन उभे राहिले. तीन दिवसांची मुदत देत म्हणाले, "त्रण दिवस आपुं छुं. अटक्युं तो डबो भंगारमां, ने तुं लूम पर."

लूम म्हणजे लिंबायत, यंत्रमागांची वस्ती. तिथे आबा, म्हणजे माझे वडील, पंचवीस वर्षं मागांचे जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवायचे. मी लूमवर जाऊ नये म्हणून त्यांनी मला कम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. त्यामुळे त्या रात्री जेवताना हे सांगायची हिंमत झाली नाही. सकाळी सांगितलं.

सोबत उपायही सांगितला. एका मासिकात वाचलं होतं, मदरबोर्डवरची एक टिचभर टोपी या पिनेवरून त्या पिनेवर बसवली की तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळतो. आबांना ते लगेच कळलं. मोटारची पुली बदलली की माग जोरात पळतो, त्यात काय एवढं. फक्त त्यांचं म्हणणं असं की, पुली बदलल्यावर आधी रद्दी सूत लावून दिवसभर चालवतात, धागा किती तुटतो ते बघतात.

मी तरुण होतो, रद्दी सूत वगैरे काही लावलं नाही. थेट साडेचारशे. सकाळभर डबा असा सुटला की माउस मागे राहायचा आणि बाण पुढे जायचा. दुपारी दोनला मिलचा पत्रा तापला आणि डबा गपकन थांबला. शेठ जेवायला गेले होते, तेवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी, पाळीवर जायच्या आधी, आबा मिलमध्ये आले. खोलीत शिरताच म्हणाले, "उन्हाळ्यात धागा तुटतो तसंच आहे हे." लूमच्या शेडमध्ये उष्णता वाढली की जमिनीवर पाणी मारतात, दारांना ओली गोणपाटं लावतात. आबांनी पाणी मारलं, कॅबिनेटची एक बाजू उघडली, तिच्यावर ओलं गोणपाट टांगलं आणि टेबलफॅन लावला. पाच मिनिटांत खोलीत असा गारवा पसरला की मला स्वेटर आठवला. सहाव्या मिनिटाला गोणपाटाचा एक थेंब आत पडला आणि अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. शेठ त्या दिवशी मार्केटात होते म्हणून वाचलो.

मदरबोर्ड उतरवून आम्ही गच्चीवर पापडासारखा उन्हात घातला. आबा पाळी बुडवून कावळे हाकत बसले. संध्याकाळी तो चालू झाला, याचं श्रेय मी आजही सुरतच्या उन्हाला देतो.

मग आबा शांतपणे म्हणाले, "दिनभर चालनारं पाहिजे ना आपले? मग एक पायरी खाले ले."

एक पायरी खाली म्हणजे पावणेचारशे. मोठा पंखा बसवला, कॅबिनेटची बाजू उघडीच ठेवली, गोणपाट नाही. आणि या खेपेला रद्दी सूत लावलं, म्हणजे जुनं, कोणी न घेतलेलं डिझाइन उघडून उजाडेपर्यंत तेच ते रंग सुटे करत बसलो. एकदाही तुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेठ खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. दोन वाजले, अडीच वाजले, पत्रा कढईसारखा झाला. डबा चालूच. तेवढ्यात आबा पाळीवरून तसेच आले. डोक्यात मागावरच्या धाग्यांचे तंतू, अंगात बनियन. सरळ पंख्याच्या वाऱ्यासमोर हात धरला, मग तळवा उलटा करून कॅबिनेटला लावला, आणि कान टेकवून ऐकलं.

शेठनी मला दबक्या आवाजात विचारलं, "आ कोण?"

"इंजिनियर आहेत," मी म्हणालो. "खास बोलावले."

आबांनी मान वर केली. मला वाटलं, आता खरं बोलतील आणि मी थेट लिंबायत. ते शेठकडे बघत म्हणाले, "गर्मी बराबर है. चलने दो."

शेठ उठले आणि आपली खुर्ची आबांच्या पुढे सरकवली. "बेसो ने, साहेब."

आबा बसले. मी पुढचं डिझाइन उघडलं.