बाबा गावाला राहायला गेले

ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, की बाबांना म्हातारपणी गावाची ओढ लागली, म्हणून ते नातीला घेऊन गावाकडं राहायला गेलेत. लोक खूश झाले. "पोर नशीबवान आहे, मोकळ्यात वाढेल," असं एकजण म्हणाला तर मी हसून मान डोलावली. धादांत खोटं बोलले मी. बाबांना गावाची ओढ कधीच नव्हती. गावाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

आमचं गाव हिमायतनगरच्या पुढं, आडवाटेला. वस्ती गावाबाहेर. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, तरी वस्ती जिथल्या तिथंच राहिली. बाबांना सरकारी नोकरी लागली तसं त्यांनी गाव सोडलं ते सोडलंच. जयंतीला तेवढे जायचे, सगळ्यांत बसून जेवायचे आणि अंधार पडायच्या आत नांदेडला माघारी. तिथं एकदाही अंग टाकलं नाही त्यांनी. भावकीत ज्याला त्याला एकच सांगायचे, पोरं घेऊन शहरात या. त्यांच्या शब्दावर निम्मी वस्ती नांदेडला आली आणि आमच्याच कॉलनीत प्लॉट घेऊन राहिली. त्या कॉलनीतलं पहिलं स्लॅबचं घर बाबांचं. पाहुण्यांना ते आधी गच्चीवर नेऊन शहर दाखवायचे, मग खाली आणून चहा.

हल्ली गच्चीवर कुणाला नेत नव्हते. कॉलनीच्या मागं कचऱ्याचा डेपो आहे. घर बांधलं तेव्हा तो लांब होता, आता ढीग आमच्या टाकीच्या उंचीला आलाय. तो बारा महिने धुमसत असतो. पेटवतं कोण ते कुणाला माहीत नाही, आणि विझवणारा तर अजून जन्मालाच यायचाय. त्यात समोरचा रस्ता खोदून ठेवलेला, त्यावरून वाळूचे टिप्पर, पलीकडं वीटभट्ट्या. दिवेलागणीला धूर खाली उतरतो आणि गल्लीत बसतो. बाहेर वाळत घातलेला पांढरा शर्ट चहात बुडवून काढल्यासारखा होतो. आम्हाला सवय झाली होती. सवय कसली, नाकं मेली होती आमची.

माझ्या मुलीचं नाक मेलं नव्हतं. पहिलीत गेली त्या हिवाळ्यात तिची छाती वाजायला लागली. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, वाफ द्यायला सांगितली, आणि दर खेपेला ते विचारायचे, "घराजवळ काही जळतं का?" मी म्हणायची, "नाही हो, थोडाफार कचरा." खरं सांगितलं असतं तर बाबांच्या घराला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. शेवटी डॉक्टर वैतागले. "औषधानं भागत नाही. निदान पावसाळ्यापर्यंत हिला दुसरीकडं ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळणार नाही."

दुसरीकडं म्हणजे कुठं? नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी येतो. त्याची खोली डाळमिलच्या अंगाला, दार उघडलं की तुरीचं भुसकट आत. राहिलं गाव. चुलतकाका-काकी तिथंच राहिलेत, बाबांनी कितीदा सांगूनही न हललेले.

जेवताना मी विषय काढला. "बाबा, काकींकडं एक खोली रिकामी आहे. पोरीला काही महिने तिथं ठेवावं म्हणते. तिथली हवा चांगली आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. ते आवाज चढवत नाहीत, पण मनाला लागलं की त्यांची भाषा गावाकडची होते. "आपली घरं गावाच्या उगवतीला का हायेत, ठाऊक हाय का तुला? वारा मावळतीकडून येतो. आपल्या अंगावरून गेलेला वारा त्यांच्या घरात शिरू नये म्हणून आपल्याला तिकडं बसवलं. अन् तू मला तिथली हवा चांगली हाय म्हणून सांगून राहिलीस."

हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी भांडते. "मग काय करू? इथंच मरू देऊ का तिला?" असं बोलून गेले. बाबा उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. ताटात भाकरी तशीच.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी शाळेसाठी वेणी घालत होते तर पोर एकदम पुढं वाकली. ओठ निळे पडले. पंप दिला, परत दिला, काही होईना. बाबांनी तिला माझ्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि अनवाणी पळत सुटले चौकातल्या रिक्षापर्यंत. ज्या माणसाला आख्खी कॉलनी साहेब म्हणते, तो बनियनवर पळतोय आणि टिप्परवाला मागून हॉर्न मारतोय. पोर वाचली. वाचली म्हणजे त्या दिवसापुरती.

दवाखान्यातून आल्यावर बाबांनी स्वतःच पिशवी भरली. तिचे कपडे, पंप, आपल्या बीपीच्या गोळ्या. म्हणाले, "लेकरू एकटं कसं राहील तिथं? मी जातो तिच्यासंगं." नको बाबा, असं म्हणायला हवं होतं मी. पण म्हणाले नाही मी. आधी मला सुटल्यासारखं झालं, आणि मग त्या सुटल्याचीच शरम वाटली.

मी सोडायला गेले. फाट्यावर उतरलो तर हॉटेलात बसलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं ओळखलं. "काय साहेब, आलात का माघारी? शहर मानवलं न्हाई वाटतं." बाबा म्हणाले, "हाव," आणि चालायला लागले. वस्तीत काकांनी बाबांच्या हातातली पिशवी घेतली. बाज टाकली, पाणी दिलं. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पोर फोनवर चिंचांचं आणि शाळेतल्या खिचडीचं सांगायची. बाबा एवढंच सांगायचे, "आज छाती वाजली न्हाई."

परवाच्या रविवारी भेटायला गेले. त्या आठवड्यात डेपोनं जोरात पेट घेतला होता, दारं-खिडक्या लावूनही घर धुरानं भरलेलं. आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून निघाले, पण साडी वाळली होती त्याच घरात. काकांच्या अंगणात शिरले तसं पोरीनं मला पाहिलं आणि ती पळत आली. वर्षभरात मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. तिनं कमरेला मिठी मारली, पदरात तोंड खुपसलं. मग मान मागं घेतली. "मम्मी, तुला आपल्या घराचा वास येतोय."

आणि खोकली. परत खोकली. छातीतली ती शिट्टी मला लगेच ऐकू आली. बाबा बाजेवरून उठले, पंप घेऊन धावत आले, तिला माझ्यापासून ओढून घेतलं आणि म्हणाले, "लांब हो. आधी लांब हो तिच्यापासून."

मी मागं सरले. अंगणातून पार रस्त्यावर. पोरीनं पंप ओढला, थोड्या वेळानं तिचा श्वास बसला. मग बाबांनी माझ्याकडं पाहिलं. आपण काय बोललो, कुठं उभं राहून बोललो आणि कुणाला, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. तोंड उतरलं त्यांचं. "बाई," एवढंच म्हणाले.

काकी आपली एक साडी घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातात न देता कुडाच्या काठीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पाणी काढते. अंग धू, मग घे लेकराला."

मी हो म्हणाले, आणि पाणी काढेपर्यंत तिथंच अंगणाबाहेर उभी राहिले.